आठव्या महिन्यातली गाडी

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दिवस मोजायचं काम आवाठातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, सगळ्या बायका तिच्याकडे घेऊन यायच्या. आमच्या आचऱ्याच्या घरात, माजघराच्या खुंटीला सुतळीचे तुकडे टांगलेले असायचे. एक गाभण गायीची सुतळी, एक शेजारच्या पोटुशीची, असं. दर अवसेला आई एकेका सुतळीला एकेक गाठ मारायची. साधी गाठ नव्हे. दोनदा पीळ द्यायची आणि दातांत धरून ओढायची. ती गाठ नखाने सुटायची नाही. आम्हाला त्या खुंटीकडे जायची बंदी. "सुतळयेक हात लावशात तर बोटां मोडीन," म्हणायची. आणि तिच्या सुतळीप्रमाणेच वासरं व्हायची, पोरं व्हायची, एखाददुसरा दिवस इकडे-तिकडे. म्हणून तिचा तिच्या सुतळीवर देवाइतका विश्वास.

घरात मी आणि आई दोघीच. मला शाळा दुसरीपर्यंत झाली, मग आईच्या हाताखाली शेतात गेले. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला खारातली कैरी नाहीतर भाजलेला सुका बांगडा. पावसात दर्या खवळला की त्याची गाज घरात अशी भरून राहायची की आई चुलीजवळून काय बोलते ते मला पडवीत ऐकू यायचं नाही. मग ती पळीने तपेल्यावर ठोकायची. एक ठोका म्हणजे पाणी आण, दोन म्हणजे जेवायला ये. त्या पेजेला जी चव होती ती आता येत नाही. नातसून म्हणते, आजी तुमची जीभ म्हातारी झाली. असेल. पण तांदूळपण म्हातारे झालेत, ते कोण सांगणार?

माझे वडील तिकडे कॅसलरॉकला होते. कॅसलरॉक म्हणजे घाटावरचं रेल्वेचं स्टेशन. तेव्हा आपला देश तिथे संपायचा. पुढे घाट उतरला की फिरंग्यांचा गोवा. वरून येणारी गाडी तिथे थांबायची, गोव्यातून चढून येणारीपण थांबायची, आणि मग माणसांच्या ट्रंका, वळकट्या, बोचकी फलाटावर उघडून बघायचे. दोन-दोन, तीन-तीन तास. एवढा वेळ माणूस उपाशी कसा राहणार? बाबांची फलाटाबाहेर पत्र्याची खोपी होती. एक भला मोठा पितळेचा टोप, त्यात भात, दुसऱ्या भांड्यात बांगड्याची कढी, आणि चहा. बाबा म्हणायचे, "गाडी थांबता म्हणान आपला पोट चालता." वर्षातून दोनदा घरी यायचे, शिमग्याला आणि गणपतीच्या चवथीला. आले की त्यांच्या कपड्यांना कोळशाचा वास. आई नाक मुरडायची, पण ते कपडे लगेच धुवायला टाकायची नाही, दोन दिवस दांडीवर तसेच ठेवायची.

माझी थोरली बहीण शेवंती. तिचं लग्न बाबांनी त्या रेल्वेवरच जुळवलं. भावोजी घाटाखालच्या कुळे स्टेशनात सांधे बदलायच्या कामाला होते, म्हणजे गोव्यात. लोक म्हणाले, पोर परदेशात दिली. बाबा हसायचे. "परदेश कसलो? सकाळी गाडयेत बसला तर माझ्या टोपातलो भात निवाच्या आदी पोचता." आणि खरंच, आई आचऱ्याहून सोलं, कुळथाचं पीठ, जवळ्यासारखे सुके गोलमे असं काय काय पोटलीत बांधून बाबांकडे पाठवायची, बाबा ती पोटली गाडीच्या गार्डाच्या हातात द्यायचे, आणि कुळ्याला भावोजी फलाटावरच घ्यायचे. तपासणीवाले त्या पिठात बोट घालून बघायचे आणि मग दिवसभर बोटाचा वास घेत बसायचे.

शेवंतीला दिवस गेल्याचा निरोप त्याच गाडीने आला. आईने नवी सुतळी काढली, झालेले महिने धरून दोन गाठी मारल्या आणि खुंटीला लावली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. सातव्यात लेकीला घेऊन यायचं. आठव्यात पोटुशीला हलवायची नाही, घाटाच्या रस्त्यावर तर मुळीच नाही. सातवा चुकला तर मग नववा लागल्यावरच. आईने आधीच ठरवलं होतं, सातवा ऐन पावसात येतो, तर लावणी उरकायची आणि दोघींनी जाऊन शेवंतीला कॅसलरॉकहून घेऊन यायचं.

त्या वर्षी पाऊस जरा उशिरा धरला आणि मग सुटेचना. लावणी लांबली. आई अंधार असताना शेतात जायची आणि कमरेएवढी भिजून यायची. एका अवसेला ती आली ती ओल्या लुगड्यानेच पडवीत आडवी झाली. मी तिच्या अंगावर गोणपाट घातलं. आणि मला आठवलं, आज अवस. आई विसरली. गाठ राहिली तर शेवंतीची मोजणी चुकणार. मी अकरा वर्षांची. मी पाटावर चढले, शेवंतीची सुतळी ओळखली आणि एक गाठ मारली. मला दुहेरी पीळ जमत नव्हता, साधीच मारली. कोणाला सांगितलं नाही, कारण बोटं मोडायची भीती होती. पण मनात बरं वाटलं, बहिणीचं एक काम केलं म्हणून.

लावणी झाली आणि आम्ही दोघी निघालो. आचऱ्याहून मालवण, मालवणाहून वाडी, वाडीहून आंबोलीच्या घाटाने बेळगाव. घाटात मोटार अशी हिंदकळायची की आईने डोळे मिटून माझा हात धरला होता आणि पुटपुटत होती, "ह्या रस्त्यान आठव्यातल्या चेडवाक कोण आणीत?" बेळगावहून रेल्वे. मी पहिल्यांदाच बसले. मला वाटलं होतं गाडी धावताना माणसाला काहीतरी धरून राहावं लागत असेल, पण लोक मजेत चणे खात होते.

कॅसलरॉकला धुकं आणि पाऊस. बाबांची खोपी गळत होती, तीन ठिकाणी खाली भांडी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी गोव्याकडून गाडी चढून आली, पुढे एक इंजिन आणि मागे एक. शेवंती उतरली. एका हातात ट्रंक, दुसरा हात कमरेवर. तोंड फुललेलं, गाल लाल. मला बघून म्हणाली, "गो चंद्रे, किती उंच झालंस. माडावर चढतंस काय रोज?" भावोजींनी निरोप दिला होता की आता तिला घेऊनच जा, गाडीचं काही खरं दिसत नाही, स्टेशनात वेगळी बोलणी चालली आहेत.

आईने तिला खोपीत बसवलं, गरम भात वाढला, आणि कमरेची चंची सोडून सुतळी काढली. ती सुतळी घेऊन आली होती. बोटांनी एकेक गाठ चाचपली. एक, दोन, तीन. मी टोप घासत होते. सातव्या गाठीवर आईचं बोट थांबलं.

"सात गाठी. सात भरले. आठवो लागलो गो तुका."

शेवंती हसली. "नाय गो आये. माझो सातवोच आसा. सा भरले फक्त. माका म्हायत नाय तर कोणाक?"

"पयलारू गायीक आपलो म्हयनो कधी कळलोहा?"

"गायीक तोंड नाय सांगूक. माका आसा."

"तोंड आसा ता दिसता माका. माझी सुतळी चुकाची नाय."

तेव्हा मला कळलं. आईने त्या दिवशी शेतात जायच्या आधी, अंधारातच गाठ मारली होती. ती विसरलीच नव्हती. एक गाठ तिची, एक माझी. एका अवसेच्या दोन. माझे हात राखेत तसेच राहिले. मी तोंड उघडलं असतं तर शेवंती त्याच गाडीने आमच्याबरोबर वर आली असती. सातवा म्हटल्यावर आईने तिला आंबोलीच्या घाटानेपण नेली असती. मी उघडलं नाही. मला वाटलं, महिन्याचा तर प्रश्न आहे, महिन्याने येईलच.

तपासणीचे एक साहेब होते, घाटावरचे, बाबांच्या हातची कढी रोज खायचे. ते दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मावशी, माझं ऐका. मुलीला ठेवून घ्या. उद्या गाडी येईल की नाही, मी सांगू शकत नाही."

आई म्हणाली, "साहेबांनू, गाडयेचा तुमका कळता, पोटातल्याचा माका कळता. नवव्यात नेतंय."

बाबा म्हणाले, "मगे हयसरच ऱ्हवांदे म्हयनोभर. हलवूक नको."

आईने वर बघितलं. पत्र्यातून पाणी गळत होतं, चुलीचा धूर खाली बसला होता, शेवंती खोकत होती. "ह्या धुरात? सुईण नाय, बायल माणूस नाय, चारय वाटांनी वारो. कुळ्याक तिचा घर तरी कोरडा आसा. अर्ध्या दिसाची गाडी, खाली उतरूक काय लागता? चवथीच्या आदी मी परत येतंय."

शेवंतीने ट्रंक परत जवळ ओढली. तिला घाटाची मोटार नको होती की आईचा शब्द मोडायचा नव्हता, मला माहीत नाही. आईने तिची ओटी भरली, नारळ, तांदूळ, पाच सुपाऱ्या, आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना शेवंती खिडकीतून म्हणाली, "आये, तुझी सुतळी रेल्वेच्या टायमापेक्षा कडक गो." आणि हात हलवला. दोन इंजिनांच्या मध्ये ती गाडी बोगद्यात शिरली आणि धूर तेवढा बाहेर राहिला.

आम्ही आचऱ्याला परत आलो. पंधरा-वीस दिवस गेले असतील. मी खळ्यात केरसुणी फिरवत होते आणि बेड्याजवळ, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, बाबा उभे. डोक्यावर तो पितळेचा टोप, त्यात बाकीची भांडी. चवथीला अजून वेळ होता. आई दारात आली. बाबांनी टोप खाली ठेवला, डोक्यावरचं फडकं सोडलं, तोंड पुसलं.

"गाडी बंद झाली," म्हणाले.

"किती दिस?"

"ता कोणाक ठावक नाय. गोव्याची वाटच बंद केली."

मग हळूहळू सगळं सांगितलं. गोवा मोकळा करायला माणसं आत शिरत होती, तिकडे गोळ्या चालल्या, आणि गाड्या थांबल्या. बाबा रुळावरून चालत पहिल्या बोगद्यापर्यंत गेले होते. तिथल्या शिपायाने परत फिरवलं. म्हणाले, "पोरगी पोटुशी आसा म्हणान सांगलंय. तो म्हणालो, बाबा, माझीपण बहीण तिकडेच आहे." आईने ऐकून घेतलं. मग टोप उचलून आत नेला आणि माळ्यावर ठेवून दिला. रडली नाही. त्या दिवशी तिने कुळथाची पिठी केली होती, ती खारट झाली, तेवढंच.

चवथ आली, गेली. आई रोज त्या दिशेला बघायची, आमच्या घरातून तिकडे माडच दिसायचे. पत्र आलं ते कुठून कुठून फिरून, थंडी पडल्यावर. बाबांनी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, नाव मालन ठेवलं. बाबांनी देवापुढे नारळ ठेवला. आई मात्र दसरा, दसरा, असं दोनदा म्हणाली आणि माजघरात गेली. बराच वेळ आली नाही. मी दारातून बघितलं, ती खुंटीजवळ उभी होती, पाठमोरी.

त्यानंतर तिने दुसऱ्या कोणाची सुतळी लावली नाही. बायका आल्या तर म्हणायची, डोळे गेले माझे. डोळे चांगले होते. शेवंतीची सुतळी तेवढी खुंटीला राहिली.

सहा पावसाळे गेले. ह्या सहा वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाबा दुसऱ्यांच्या माडांवर चढायला जायचे, मी आणि आई शेतात, सुक्या मासळीच्या खळ्यात. उपाशी राहिलो नाही, पोट भरून जेवलो असंही नाही. सुख म्हणशील तर होतं. संध्याकाळी तिघं पडवीत बसायचो आणि बाबा कॅसलरॉकच्या गोष्टी सांगायचे. परवाना काढून गोव्यात जाता यायचं म्हणे, पण त्याला कारण मोठं लागायचं, आणि लेकीला बघायचं आहे हे काही मोठं कारण नव्हतं. आई दर वर्षी दसरा झाला की डिंक, सुंठ, अळीव आणून डब्यात भरायची. पुढच्या दसऱ्याला जुनं आम्हाला खायला घालायची आणि डबा नव्याने भरायची. बाळंतिणीचे लाडू मी लग्नाआधीच इतके खाल्ले की माझ्या सासूला मागाहून आश्चर्य वाटलं, ही डिंकाला नको कशी म्हणते.

मग गोवा सुटला. आणि काही महिन्यांनी निरोप आला की गाडी परत सुरू झाली, शेवंती मुलीला घेऊन येते. आई म्हणाली, मी घर सोडत नाय, मला तयारी करायची आहे. बाबांनी माळ्यावरून टोप काढला, चिंच लावून लख्ख केला आणि मला म्हणाले, चल. त्यांच्या मनात खोपी परत घालायची होती.

कॅसलरॉक मला ओळखता आलं नाही. ट्रंका उघडायची ती लांब बाकं गेली होती. तपासणीचे लोक नव्हते, साहेबांच्या खोलीला कुलूप. बाबांच्या खोपीचे चार खांब तेवढे उभे, त्यावर वेल चढलेला. गाडी आली तशीच दोन इंजिनांची, पण फलाटावर बोचकी उतरलीच नाहीत. माणसं खिडकीत बसून बाहेर बघत होती. मागचं इंजिन सोडलं, पाणी घेतलं, की शिट्टी. एका खिडकीतून शेवंतीचा हात. "बाबानू, चढा. चंद्रे, चढ गो बेगीन. गाडी ऱ्हवाची नाय."

आम्ही टोपासकट चढलो. गाडी चालू झाल्यावर बाबांनी एकदा मागे वळून त्या खांबांकडे बघितलं आणि हसले. "चंद्रे, हयसर आता कोणाक भूक लागाची नाय." मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. पण त्यांनी मालनला उचलून त्या टोपात बसवलं आणि बेळगाव येईपर्यंत दोघं होडी-होडी खेळत होते. ज्या थांबण्यावर त्यांचं पोट चालायचं, त्याच थांबण्याने त्यांची लेक सहा वर्षं अडवली होती. बाबांना त्यातलं कुठलं हवं होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण तो टोप पुढे आमच्या घरात भात शिजवायला लागला.

आता कणकवलीला स्टेशन झालंय. सकाळी पेज खाऊन निघालं की दुपारच्या जेवणाला मडगाव. मी दोनदा गेले. वाटेत गोवा कुठे लागला ते कळलंच नाही, पोरांना विचारावं लागलं.

तर तेव्हा शेवंतीला आणि मालनला घेऊन घरी आलो, तो आईने काय करून ठेवलं होतं? माजघरात बाज घातलेली, खाली शेगडी, न्हाणीत हंडाभर पाणी तापलेलं, वाटीत खोबरेल, डब्यात लाडू. शेवंती दारातच थांबली. "ह्या कोणाचा बाळंतपण गो?"

"तुझा. ऱ्हवला होता."

"आये, माझा चेडू पयलीत जाता आता."

"जावंदे. कोणी केला तुझा?"

"शेजारच्या मारीबायन. गँगमनची बायल. कोंबयेचो रस दिल्यान, वर दोन घोट काजूची."

आई पाटावरून उठली. "काजूची? बाळंतिणीक? मगे जगलंस कशी गो तू?" मग जरा थांबून म्हणाली, "तिका कुळथाचा पीठ धाडूक होया." आणि शेवंतीला हाताला धरून न्हाणीत नेलं. सहा वर्षांच्या पोरीच्या आईला तिने डोक्यापासून पायापर्यंत तेल लावलं, कंबर रगडली, कढत पाणी ओतलं, शेकलं. शेवंती आधी हसत होती, मग तिने डोळे मिटले आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मी बाहेर चुलीत लाकडं सारत होते. आई पाणी न्यायला आली तेव्हा मी सांगितलं. सहा वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात सांगितलं. अवस, लावणी, पाट, गाठ.

आई तांब्या भरत राहिली. "ठावक आसा," म्हणाली. "पत्र इला त्या दिसा सुतळी काढून बघलंय. सा गाठी माझ्यो, एक साधी. घरात आणखी कोण आसा गाठ मारूक?"

"मगे माका बोललंस नाय कित्याक?"

"काय बोलतलंय? गाठ तुझी, पण परत पाठवलंय ती मी. चेडू तोंडान सांगत होता सातवो म्हणान. मी सुतळयेचा ऐकलंय, चेडवाचा नाय." तिने तांब्या उचलला. "लाकडां सार. पाणी निवता."

खुंटीवर सुतळी नव्हती. कधी काढली कोण जाणे. लाडवांच्या डब्याचं फडकं जिने बांधलं होतं ती तीच असेल, मी गाठी मोजल्या नाहीत.

शेवंतीला बाजेवर निजवल्यावर मालन न्हाणीच्या दारात येऊन उभी राहिली. "आवशीक न्हाणयलंस, आणि माका?" आई पाटावर बसली आणि पाय लांब केले, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना करतात तसे. मालन त्यावर पालथी झाली. एवढी मोठी पोर, तिचे पाय आईच्या पावलांच्या पुढे पार न्हाणीच्या दगडापर्यंत गेले, आणि हसून हसून ती घसरत होती. आईने तिच्या पाठीवर तेलाचा हात ठेवला आणि म्हणाली, "गप ऱ्हव. हलू नको. आजच जन्माक इलंस तू."